मित्राबरोबर धंदा करावा का?

परवा आत्याचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर तिने हळूच विचारलं, "अरे, ते तुमचं फळ्यांचं काय झालं? चाललंय ना अजून?"

चाललंय म्हटलं.

"आणि तो मित्र? बोलता ना एकमेकांशी?"

आमच्या घरात धंद्याबद्दल हाच प्रश्न आधी येतो. नफा किती, गिऱ्हाइकं किती, हे सगळं नंतर. का ते घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना पुढे सांगतो.

फळ्या म्हणजे सर्फबोर्ड. 2025 च्या सुरुवातीला मी आणि माझ्या एका मित्राने कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला एक शेड भाड्याने घेतली आणि हाताने सर्फबोर्ड बनवून विकायला सुरुवात केली. दोघांच्याही पोटापाण्याच्या नोकऱ्या वेगळ्या आहेत, त्यामुळे शनिवार-रविवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी हे काम. मित्र इथलाच, समुद्रावर वाढलेला, वीस वर्षं स्वतःसाठी आणि दोस्तांसाठी बोर्ड बनवत आलेला. मी मिरजेचा. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा नदी, आणि तीही पूर आला की लांबून बघायची. त्यामुळे मी सर्फिंग किती चांगलं करतो हे विचारू नका. पण हाताने काही बनवायची हौस लहानपणापासून होती, ती इथे येऊन अशी बाहेर पडली.

गावही त्यासाठी बरं मिळालं. 1885 साली हवाईचे तीन राजपुत्र इथे जवळच सॅन मटेओच्या शाळेत शिकायला होते. त्यांनी इथल्याच रेडवूडच्या लाकडाच्या फळ्या कापून घेतल्या आणि सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची ही सर्वांत जुनी नोंद. म्हणजे फळी बनवणं या गावाला नवीन नाही. नवीन आहे तो मी.

बोर्ड कसा बनतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं भांडण त्याशिवाय कळणार नाही.

सुरुवात होते फोमच्या ठोकळ्यापासून. त्याला ब्लँक म्हणतात. ढोबळ आकार असतोच, आणि लांबीच्या बरोबर मधून एक पातळ लाकडी पट्टी गेलेली असते, ती स्ट्रिंगर. शेपर त्यावर साच्याने बाह्यरेषा काढतो, करवतीने कापतो, आणि मग विजेच्या रंध्याने, कानशीने, पॉलिश पेपरने तासत जातो. नाकाकडे आणि शेपटीकडे किती वर उचलायचं, कडा किती गोल ठेवायच्या, जाडी कुठून कुठे उतरवायची, हे सगळं तिथे ठरतं. शेपिंगच्या खोलीत दिवे छताला नसतात. दोन्ही बाजूच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला असतात. उजेड आडवा आला की फोमवरच्या बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते आणि चूक दिसते. मित्र मोजपट्टीपेक्षा त्या सावलीवर जास्त विश्वास ठेवतो. शेवटी तो स्ट्रिंगरशेजारी पेन्सिलीने लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि खाली सही करतो.

इथे शेपिंग संपतं, बोर्ड नाही. त्यावर फायबरग्लासचं कापड पसरून रेझिन ओतायचं, ते सुकायच्या आत रबरी पट्टीने सारखं करायचं, कडा खाली दुमडायच्या. दुसरी बाजू. मग वरून रेझिनचा आणखी एक थर. खालच्या पंखांचे खाचे बसवायचे. मग घासायचं. आणि घासायचं. आणि परत घासायचं. तोंडाला मास्क, अंगभर खाजरी धूळ. हा विभाग माझा.

आता, ही पेन्सिलीची सही काचेच्या खाली जाते. कायमची. बोर्ड मोडला तरी ती पुसत नाही. गिऱ्हाईक बोर्ड हातात घेतलं की आधी ती सही वाचतं. आणि तिथे नाव एकाचंच असतं.

पहिले पाच-सहा बोर्ड मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं. उगाच सभ्यपणा कशाला दाखवू? वाटायला लागलं. सोळा तासांच्या कामातले साडेपाच त्याचे, साडेदहा माझे, आणि लोक म्हणणार, "काय सुंदर बोर्ड केलाय याने!" मिरजेत शाळेच्या वाटेवर सतारमेकर मंडळींची दुकानं होती. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरच्या ग्रुपवर केवढा आनंद झाला होता!) तिथे भोपळा निवडणारा हात वेगळा, दांडी करणारा वेगळा, आणि घोडीवर जवारी लावणारा वेगळा असं मी पाहिलं होतं. जवारी लावणारा माणूस तासन् तास घोडी घासणार, तार छेडणार, कान देणार, परत घासणार. घेणारा गवई आला की आधी हेच विचारायचा, "जवारी कोणी लावली?" मला वाटायचं, इथे कोणी असं का विचारत नाही की ग्लासिंग कोणी केलं?

हे मी मित्राला बोललो नाही. मित्राला असलं काही बोलायचं कसं? धंद्यातला भागीदार असता तर बोललो असतो. पण तो आधी मित्र होता, आणि मैत्रीत मान मागणं म्हणजे कसंसंच वाटतं.

तेच पैशाचं. आमच्या एका बोर्डाचा हिशोब सांगतो. ब्लँक 110 डॉलर, कापड 35, रेझिन 60, पंखांचे खाचे 30, पॉलिश पेपर आणि किरकोळ 20. झाले 255. शेडचं भाडं महिन्याला 600, महिन्यात चार बोर्ड होतात, म्हणजे बोर्डामागे 150. आम्ही बोर्ड विकत होतो 650 ला. का? तर मित्राच्या ओळखीतले लोक होते आणि त्यांना जास्त सांगायची त्याला लाज वाटायची. मलाही. उरले 245, त्याला भागा सोळा तासांनी. तासाला 15 डॉलर आणि वर चिल्लर. 2025 साली कॅलिफोर्नियात कायद्याने ठरलेलं किमान वेतन होतं तासाला 16.50. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात बर्गर भाजले असते तर जास्त मिळाले असते, आणि धूळ खावी लागली नसती.

पण हा हिशोब आम्ही तेव्हा केलाच नव्हता. दोघांनी तीन-तीन हजार घातले होते, येतील ते पैसे एका डब्यात जात होते, लागतील तसे निघत होते. वही नव्हती. वही कशाला? तो काय परका होता?

मग तो बोर्ड परत आला.

सहा-सात आठवड्यांपूर्वी विकलेला. गिऱ्हाईक भलं होतं, आवाज न चढवता म्हणालं, "हा जड व्हायला लागलाय." उलटा करून पाहिला. शेपटीजवळच्या कडेला टाचेएवढा भाग पिवळट तपकिरी झाला होता आणि बोटाने दाबला की दबत होता. मी बघताक्षणी ओळखलं. घासताना मी वरचा थर ओलांडून खाली कापडापर्यंत गेलो होतो. धागे कापले गेले, तिथे चीर पडली, पाणी आत गेलं, फोमने ते पिऊन टाकलं. घाई केली होती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काहीतरी होतं. दिसलंही होतं मला, कापडाची वीण अंधुक दिसली होती, आणि वरून जरासं रेझिन फिरवून मी पुढे गेलो होतो.

मित्र गिऱ्हाइकाला एवढंच म्हणाला, "चूक आमची. नवीन बनवून देतो." आमची म्हणाला. बोर्डावर सही त्याची. गावात बोलबाला झाला असता तर त्याचा. आणि मी तिथे उभा राहून काय विचार करत होतो? की बरं झालं, यावर माझं नाव नाही.

त्या रात्री गाडी चालवत घरी येताना मला स्वतःची चांगलीच लाज वाटली. चांगल्या बोर्डावर नाव हवं, वाईटावर नको. सही हा मान आहे असं मी समजत होतो. खरं तर तक्रार कुठे आणायची याचा तो पत्ता असतो. इतके दिवस तो पत्ता एकट्याने सांभाळत होता, आणि मी त्याच्यावरच मनात रुसलो होतो.

आता बाबांचा छापखाना.

ऐंशीच्या दशकात बाबांनी आणि त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राने मिरजेत एक छोटा छापखाना काढला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुका आल्या की हँडबिलं. जागा मित्राची आणि कामं आणायचा तोही. खिळे जुळवणं, मशीन, शाई, सगळं बाबा. हिशोब कोणी लिहायचा हा विषय कधी निघालाच नाही. दहाएक वर्षं छान चाललं. मग त्या काकांच्या मुलीचं लग्न निघालं, गल्ल्यातून बरीच रक्कम गेली, आणि बाबांनी एकदा विचारलं, किती गेले? एवढंच. काकांना वाटलं, हा माझ्यावर संशय घेतो. बाबांना वाटलं, साधं विचारलं तर याला राग का यावा? दोघांनाही आपण जास्त राबलो असं मनापासून वाटत होतं, आणि दोघांकडेही दाखवायला कागदाचा एक कपटा नव्हता. पावतीपुस्तकं छापणारी माणसं ही!

छापखाना बंद पडला. दोन गल्ल्या सोडून राहणारी ही माणसं पुढे एकमेकांशी बोलली नाहीत. काका गेले तेव्हा बाबा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत. मी बरोबर होतो. बराच वेळ उभे होतो आम्ही.

त्यानंतर आमच्या घरात नियमच झाला, की मैत्री आणि व्यवहार एकत्र करू नये. आत्या अजून तोच सांगते. मला मात्र आता वाटतं की त्या गोष्टीतून आम्ही चुकीचा धडा घेतला. छापखाना मैत्रीमुळे बुडाला नाही, वही नव्हती म्हणून बुडाला. आणि वही नव्हती, कारण वही ठेवणं म्हणजे अविश्वास असं दोघे धरून चालले होते.

हाताच्या कामात तर ही अडचण दुप्पट. किराणा दुकानात माल किती आला, किती गेला, दिसतं तरी. हाताच्या वस्तूत कष्ट आत मुरून जातात. चांगलं घासलेल्या बोर्डावर घासल्याची खूणच राहत नाही, ती राहू नये म्हणूनच तर घासायचं. दुसऱ्याचे कष्ट असे दिसेनासे होतात, आपले मात्र खांद्यात ठणकत असतात. मग ज्याला त्याला आपलाच वाटा मोठा वाटणार. यात कोणी लबाड असायची गरज नाही.

कायदासुद्धा इथे मदतीला येत नाही, हे मला उशिरा कळलं. कॅलिफोर्नियात दोघे मिळून नफ्यासाठी धंदा करायला लागले की कागद केलेला असो नसो, ती भागीदारी झालीच. काही लिहून ठेवलं नसेल तर नफा समान, कोणी किती राबलं हे बघायचं नाही, कामाचा वेगळा पगार नाही, आणि कर्ज झालं तर सगळ्याला दोघेही जबाबदार. आपल्याकडचा 1932 चा भागीदारी कायदाही नफ्याबद्दल आणि पगाराबद्दल हेच सांगतो. म्हणजे "आपण काही ठरवलेलं नाही" असं नसतंच. तुम्ही ठरवलं नाही तर ते आधीच ठरलेलं असतं, फक्त तुम्हाला माहीत नसतं. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली तर वैयक्तिक जोखीम कमी होते, पण राज्याला दरवर्षी किमान 800 डॉलर द्यावे लागतात. आमच्यासाठी ते तीन बोर्डांच्या सामानाचे पैसे झाले. तो निर्णय अजून लटकलेला आहे.

या धंद्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. होबी अल्टरने 1954 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात डेना पॉइंटला सर्फबोर्डचं दुकान काढलं. तेव्हा बोर्ड बाल्सा लाकडाचे असायचे. त्याच्याकडे ग्लासिंग करायला होता गॉर्डन क्लार्क. म्हणजे माझ्याच जातीचा माणूस! लाकूड मिळेना म्हणून दोघांनी खटपटी करून 1958 च्या सुमारास पॉलियुरेथेन फोमचे ब्लँक जमवले, आणि सगळ्या धंद्याचं रूपच बदललं. 1961 मध्ये दोघांनी कामं वाटून घेतली. बोर्ड अल्टरकडे, फोम क्लार्ककडे. आणि वेगळं झाल्यावरही एक दुसऱ्याचं गिऱ्हाईक राहिला. पुढे तोच क्लार्क इतका मोठा झाला की अमेरिकेतले बहुतेक ब्लँक त्याच्याकडून यायचे. 5 डिसेंबर 2005 ला त्याने एक लांबलचक पत्र पाठवून कारखाना एकाएकी बंद केला, साचेसुद्धा मोडून टाकले, आणि जगभरचे शेपर डोक्याला हात लावून बसले. ती कथा वेगळी. मला त्यातलं 1961 महत्त्वाचं वाटतं. वेगळं होणं म्हणजे तुटणं नव्हे, पण त्यासाठी कोणाचं काय हे सांगता आलं पाहिजे.

तर बोर्ड परत आल्यावर पुढच्या रविवारी मी वही घेऊन शेडमध्ये गेलो. बाबांची सगळी गोष्ट मित्राला सांगितली. नावाचं मनात होतं तेही सांगितलं, आणि "बरं झालं माझं नाव नाही" हेही सांगितलं. हे शेवटचं सांगायला सर्वांत जड गेलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सगळं लिहायला लागलो तर ही पण नोकरीच होईल ना?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. वही आल्यापासून आम्ही अधूनमधून घड्याळाकडे बघतो. पूर्वी मधेच काम टाकून लाटा चांगल्या आहेत म्हणून पळायचो, आता पळताना एकदा विचार करतो. काहीतरी गेलंय, ते मी नाकारत नाही. पण जे गेलं त्यापेक्षा जे जाणार होतं ते मोठं होतं, असं मला वाटतं.

आम्ही काय ठरवलं ते कोणाच्या उपयोगी पडलं तर पडो. बोर्डाची किंमत 850. त्यातून सामान आणि भाडं वजा जाता 445 उरतात. त्यातले 140 शेपिंगचे, 200 ग्लासिंग आणि घासण्याचे, उरलेले 105 धंद्याच्या डब्यात, आणि वर्षअखेरीला डबा अर्धा-अर्धा. जाणकारांनी एव्हाना भागाकार केला असेल, त्याचा तास माझ्या तासापेक्षा महाग पडतो. पडू दे. त्याच्या तासात वीस वर्षं आहेत, माझ्या तासात दीड. माझी चूक झाली तर सामानाचे पैसे माझ्या हिश्श्यातून, त्याची झाली तर त्याच्या. ओळखीतल्या माणसाला सूट द्यायची तर ज्याची ओळख त्याने आपल्या वाट्यातून द्यायची. (हे कलम झाल्यापासून मित्राचे जिवलग एकदम कमी झाले. :-)) आणि उद्या एकाला थांबायचं असेल तर तीन महिने आधी सांगायचं, हत्यारं ज्याची त्याची, उरलेला फोम अर्धा-अर्धा. हे शेवटचं कलम लिहिताना लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचा विषय काढल्यासारखं वाटलं. पण लिहिलं.

किंमत वाढवल्यावर दोन गिऱ्हाइकं गेली. धंदा चालेल की नाही हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. यंत्राने कापलेला बोर्ड स्वस्त पडतो आणि तो वाईट असतो असंही नाही. हाताचा बोर्ड घेणाऱ्याला खरं तर माणूस हवा असतो, जो त्याचं वजन, त्याची उंची, तो कुठल्या लाटांवर जातो हे विचारेल, आणि बिघडलं तर सापडेल. अशी माणसं गावात किती, यावर सगळं आहे.

सहीचं राहिलं. आता स्ट्रिंगरच्या एका बाजूला त्याची सही असते. कापड पसरण्याआधी दुसऱ्या बाजूला, शेपटीकडे, मी पेन्सिलीने माझं नाव लिहितो, मराठीत. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे काय लिहिलंय? मित्र म्हणाला, "यात पाणी शिरलं तर याला फोन करायचा."

म्हणून आत्याला म्हटलं, बोलतो गं आम्ही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तर वही उघडून बोलतो. त्यावर ती थोडं थांबली आणि म्हणाली, "तुझ्या बापाला हे कोणी सांगितलं असतं तर."

असो. कोपऱ्यात एक ब्लँक दोन दिवस वाट बघतोय. साडेसहा फुटी आहे, आणि घासणं माझ्याकडे आहे.